पाणथळ जागा जपताना या चुका टाळा

राखीव पाणथळीचं नुकसान शत्रूच करतात असं नाही. बऱ्याचदा तिच्यावर जीव असणारेच करतात.

पहिली चूक म्हणजे बारा महिने काठोकाठ पाणी ठेवायचा हट्ट. पाणी उतरलं की आपण कासावीस होतो, पण काठाच्या कितीतरी वनस्पती त्याचीच वाट पाहत असतात. चिखल उघडा पडतो, त्याला ऊन लागतं आणि गाळात पडून राहिलेलं बी रुजतं. हे बी चिवट असतं. चीनमध्ये कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळातलं सुमारे १३०० वर्षं जुनं कमळाचं बीसुद्धा रुजलं होतं.

त्यामुळे काठ ओसाड दिसला म्हणून लगेच नर्सरीतून रोपं आणू नका. काठावरचा वरचा बोटभर चिखल उथळ ट्रेमध्ये पसरा, उजेडात ठेवा, ओल मोडू देऊ नका. काही आठवड्यांत लव्हाळ्यासारखे बारीक कोंब दिसले, तर बियाणं जागेवरच आहे. अडचण पाण्याची आहे. काहीच उगवलं नाही, तर मग जवळच्याच पाणथळीतलं देशी बी आणायचा विचार करा.

खोलीकरणाचंही तसंच. मशीन लावून गाळ उपसला की बियांचा साठा डंपरमधून जातो, आणि उतरता काठ भिंतीसारखा उभा होतो. उभ्या काठावर उथळ पाण्यातली झाडं जगणार कुठे?

पाणकणीस माजलं की लोक ते पाण्याच्या वर छाटतात. महिनाभरात पुन्हा तेवढंच! त्याचं चिखलातलं आडवं खोड वरच्या दांड्यांतून हवा घेतं, अगदी वाळलेल्या दांड्यांतूनही. म्हणून पाणी उतरलेलं असताना बुडाशी कापा आणि मग खुंट बुडतील इतकं पाणी काही आठवडे राहू द्या. सगळं मात्र काढू नका, पक्षी त्यात घरटी करतात.

जलपर्णी काढून काठावरच ढीग घालणं म्हणजे मेहनत पाण्यात. कुजून खत परत तळ्यात उतरतं. काढूनही दरवर्षी तेवढीच येत असेल, तर तळं सोडा, वरून येणारा नाला तपासा: सांडपाणी किंवा शेतातलं खत मिसळत असणार.

आणि एका पाणथळीतून दुसरीत जाताना बुटांचा चिखल धुऊन, बूट वाळवूनच पाऊल टाका. बी तिथूनही प्रवास करतं.