हयात चित्रकारांकडून काय घ्यावे

चित्रकला शिकू लागलेल्या माणसाला सुरुवातीला जी नावे सांगितली जातात, ती बहुतेक दिवंगत कलावंतांची असतात. त्यांचा अभ्यास टाळू नयेच. परंतु त्यांचे काम आपल्यापर्यंत निवडून, पारखून, चौकटीत बसवून आलेले असते, आणि फसलेले कागद किंवा अर्ध्यावर सोडलेल्या वाटा त्यात क्वचितच दिसतात. माझ्या हाताला खरी गती आली, ती हयात कलावंत काम कसे करतात हे नेटाने पाहू लागल्यावर.

माझ्यावर सर्वाधिक परिणाम केला तो दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज यांनी. 1989 पासून ते कोळशाच्या रेखाटनांतून चलच्चित्रे करत आले आहेत. हाताने काढलेल्या चलच्चित्रात एरवी प्रत्येक हालचालीसाठी नवे चित्र लागते. केंट्रिज मात्र एकाच कागदावर चित्र काढतात, कॅमेऱ्याने टिपतात, थोडा भाग खोडून पुन्हा काढतात आणि पुन्हा टिपतात. कोळसा पूर्ण पुसला जात नाही, म्हणून चालत्या माणसाच्या मागे आधीच्या पावलांची करडी सावली कागदावर रेंगाळत राहते.

हे पाहून मी जी चूक केली, ती बहुतेक नवशिके करतात. महिनाभर मी त्यांच्यासारखी दिसणारी चित्रे काढली: तीच काळवंडलेली दृश्ये, तशीच जाड, ठाम रेघ. माझ्या शिक्षकांनी ती पाहून एवढेच विचारले, की यातले तू स्वतः पाहिलेले काय आहे? उत्तर नव्हते. मग मी विषय बदलला आणि केवळ पद्धत ठेवली. खुर्चीवरून उठणारी एक व्यक्ती, एकच कागद आणि बारा टप्पे. पहिला कागद पाचव्या टप्प्यावरच गेला, कारण तो पातळ होता. खोडून खोडून त्याचे तंतू सुटले आणि तिथे कोळसा धरेना. जाड, किंचित खरखरीत कागद घेतला आणि घासण्याऐवजी मळता येणारे खोडरबर टिपकागदासारखे दाबून वापरले, तेव्हा गुडघ्याची जुनी जागा फिकट राहिली आणि नवी तिच्यावर उभी राहिली. त्याआधी एक रेघ चुकली की मी पान फाडत असे. आता चुकलेली रेघ तशीच ठेवून तिच्या आधाराने दुसरी काढतो, आणि ही सवय माझ्या जलरंगांतही उतरली आहे.

घानामध्ये 1944 साली जन्मलेले एल अनात्सुई बाटल्यांची झाकणे चेपून, वळवून, तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडतात आणि भिंतभर पसरणारी, कापडासारख्या चुण्या पडणारी शिल्पे घडवतात. 2015 मध्ये व्हेनिस बिएन्नाले या इटलीतील आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाने त्यांना जीवनगौरवाचा ‘सुवर्णसिंह’ पुरस्कार दिला. नवशिका हे वाचून लगेच टाकाऊ वस्तू गोळा करू लागतो. मला ते उतावीळपणाचे वाटते, कारण झाकणे हाती येण्यापूर्वी अनात्सुई यांनी लाकूड आणि माती या माध्यमांत वर्षानुवर्षे काम केले होते. त्यांच्याकडून घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. शिल्प कसे टांगावे, चुण्या कुठे पडाव्यात, हे ते कायमचे ठरवून टाकत नाहीत. प्रत्येक दालनात मांडणाऱ्यांना तो निर्णय घेऊ देतात.

नोकरी सांभाळून कला जमेल का, असे विचारणाऱ्यांना मी सुधीर पटवर्धन यांचे नाव सांगतो. व्यवसायाने ते क्ष-किरणतज्ज्ञ होते आणि 2005 पर्यंत तो व्यवसाय करत असतानाच ते गंभीरपणे चित्रे रंगवत राहिले.

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी सत्तरी ओलांडल्यावर फोनवर आणि आयपॅडवर रेखाटायला घेतले. अशा रेखाटनाचा एक लाभ असा, की ते पहिल्या रेघेपासून पुन्हा चालवून पाहता येते, आणि त्यांनी ते तसे प्रदर्शनांतही दाखवले आहे. कोणता रंग आधी लागला, कोणता वरून आला, हे तयार चित्रावरून ओळखणे कठीण असते. असे चलचित्र मिळाल्यास वही घेऊन बसावे आणि मध्येच थांबवून पुढची रेघ कुठे येईल याचा अंदाज करावा. माझे अंदाज पुष्कळदा चुकले, आणि त्यातून मी बरेच शिकलो.

दररोज पन्नास कलावंतांची चित्रे बोटाने सरकवण्यापेक्षा तीन महिने एकालाच धरून राहावे. त्याचे सुरुवातीचे काम शोधावे, मुलाखती ऐकाव्यात, त्याची एखादी कार्यपद्धती एका वाक्यात लिहून काढावी आणि ती सर्वस्वी स्वतःच्या विषयावर वापरावी. मूळ कृती प्रत्यक्ष पाहण्याची संधी आली, तर सोडू नये, कारण छायाचित्रात आकार आणि पोत दोन्ही हरवतात. आधी शेजारची माहिती वाचू नये. प्रथम दुरून पाहावे, मग परवानगी असेल तितके जवळ जावे, बाजूने वाकून रंगाचा थर किती जाड आहे ते पाहावे आणि चित्राच्या कडा नीट न्याहाळाव्यात. खालचा, झाकून टाकलेला रंग बहुधा तिथेच डोकावत असतो.