फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करताना संमती कशी घ्यावी

सगळ्यात आधी, त्या बोलण्यात तुम्ही स्वतः आहात का? नसाल तर थांबा. दोघांचं बोलणं तिसऱ्याने गुपचूप टिपणं म्हणजे चोरून ऐकणं, मग ते घरच्याच माणसाचं का असेना.

असाल, तर तिथला कायदा बघा. ‘फोन माझा, कॉल माझा, परवानगी कशाला?’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याने माणसं अडचणीत येतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याला बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते आणि ती तुमचीच असली तरी चालते. कॅलिफोर्नियात मात्र खासगी बोलण्याला सगळ्यांची संमती लागते. जर्मनीत तर दंडसंहितेच्या कलम 201 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खरी गोची होते ती दोघं दोन ठिकाणी असले की. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एकाची संमती चालते. तिथल्या एका कार्यालयातून कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांचे कॉल न सांगता रेकॉर्ड होत होते. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2006 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याचा कडक नियम लागू होतो असं ठरवलं. समोरचा कुठे बसलाय हे नंबरवरून ओळखायलाही जाऊ नका, मोबाइल माणसाबरोबर फिरतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: दोन्हींतला कडक नियम धरा आणि दर वेळी विचारा.

विचारायचं कसं, इथेही लोक चुकतात. आधी विचारतात, होकार मिळाला की बटण दाबतात. मग तो होकार रेकॉर्डिंगमध्ये येतच नाही! आधी विचारा, सुरू करा आणि पुन्हा विचारा: ‘हा कॉल मी रेकॉर्ड करतेय, तुमची हरकत नाही ना?’ वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात तर ही सूचनासुद्धा रेकॉर्ड झालेली हवी अशी अटच आहे. नुसत्या ‘हं’वर समाधान मानू नका, ‘हो, चालेल’ असं वदवून घ्या. अ‍ॅपच्या यांत्रिक घोषणेवरही विसंबू नका, मध्येच कॉलवर आलेल्याला ती ऐकू गेलेली नसते. त्याला वेगळं विचारा.

नाही म्हणाले तर रेकॉर्डिंग बंद. टिपणं काढा आणि काय ठरलं ते लगेच ईमेलने कळवा.

मूळ फाइल कापू-छाटू नका. आणि ती दुसऱ्या कुणाला पाठवायची असेल तर त्यासाठी पुन्हा विचारा, रेकॉर्ड करायला दिलेला होकार तिथे गृहीत धरू नका.