वीकेंडच्या क्लब क्रिकेटमध्ये हातातले सामने घालवणाऱ्या या चुका टाळा

दोन धावांनी हरलेला एक सामना माझ्या डोक्यातून अजून जात नाही. चाळीस ओव्हर्सचा सामना होता, १७३ करायच्या होत्या आणि आम्ही १७० वर अडकलो. घरी आल्यावर स्कोअरबुक उघडून बसलो. आमच्या बॉलर्सनी २३ वाइड टाकले होते. म्हणजे २३ धावा तर दिल्याच, वर जवळपास चार ओव्हर्स जादाच्या खेळायला दिल्या. दोन रनआउट होते आणि दोन्ही वेळा दोघे बॅट्समन एकाच टोकाला उभे होते. एका ओव्हरथ्रोचे चार गेले होते. यातलं काहीही सुधारायला कोणाला आणखी चांगलं खेळता यायची गरज नव्हती.

खालच्या डिव्हिजनमधल्या संघाला आठवडाभर सराव करायला वेळ नसतो. सगळे नोकरी-धंदा सांभाळून येतात. कोणाचा कव्हर ड्राइव्ह सुधारण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा, सरावाशिवाय सुधारता येतात त्या गोष्टी आधी धराव्यात, असं मला पाच वर्षांच्या कप्तानीनंतर ठामपणे वाटतं.

‘हो’ आणि ‘नो’

आमच्या त्या दोन रनआउटपैकी एकाचं कारण मी तिथेच, नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला उभा राहून ऐकलं. बॉल पॉइंटकडे गेला, स्ट्रायकर ओरडला ‘हो!’ आणि मला ऐकू आलं ‘नो!’ वारा असेल, फील्डर ओरडत असतील, तर हे दोन शब्द कानाला एकच लागतात. त्या दिवसापासून आमच्या संघात ‘हो’ बंद झाला. आता तीनच शब्द: ‘ये’, ‘नको’, ‘थांब’. आणि ‘थांब’ म्हणणाऱ्याने पुढचा निर्णय दिलाच पाहिजे, ‘ये’ किंवा ‘नको’. नुसतं ‘थांब’ म्हणून बॉलकडे बघत राहणं हेच निम्म्या रनआउट्सचं मूळ आहे.

कॉल कोणाचा, हेही आधी ठरलेलं असावं. बॉल विकेटच्या पुढे गेला तर स्ट्रायकरचा, मागे गेला तर नॉन-स्ट्रायकरचा. दुसऱ्याला पटलं नाही तर त्याने पहिल्या दोन पावलांच्या आत ‘नको’ म्हणायचं, अर्ध्या पिचवर आल्यावर नाही.

क्रीझबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. बॅट रेघेवर टेकली म्हणजे आत आलो असं लोक समजतात. रेघ बॅट्समनची नसते. बॅटचा किंवा शरीराचा काही भाग रेघेच्या आत टेकलेला हवा. म्हणून शेवटच्या दोन मीटरला बॅट उचलून न धावता जमिनीवरून सरकवत न्यावी.

नॉन-स्ट्रायकरने लवकर निघणं ही आता नुसती वाईट सवय राहिलेली नाही. २०२२ साली कायद्यांत दुरुस्ती झाली आणि बॉलरने त्या टोकाला केलेलं रनआउट ‘अयोग्य खेळ’ या कलमातून काढून साध्या रनआउटच्या कलमात घातलं गेलं. बॉलरने असं आउट केलं की आपल्याकडे अजून भांडणं होतात. भांडून उपयोग नाही. बॉलरच्या हातातून बॉल सुटलेला डोळ्यांनी पाहायचा आणि मगच निघायचं. त्याच वेळी आणखी एक बदल झाला, तोही बऱ्याच जणांच्या अजून अंगवळणी पडलेला नाही: कॅच आउट झाल्यावर बॅट्समन एकमेकांना ओलांडून गेले असले तरी नवा बॅट्समनच स्ट्राइकला येतो. ओव्हर संपली असेल तर गोष्ट वेगळी.

नवा बॉल सर्वांत फास्ट बॉलरला देणं

जवळजवळ प्रत्येक संघ हेच करतो. त्या बॉलरचा वेग डोळ्यांत भरतो खरा, पण खालच्या डिव्हिजनमध्ये त्याच्या पहिल्या दोन ओव्हर्समध्ये बहुतेक वेळा सहा-सात वाइड आणि एखादा नो-बॉल असतो. बॅट्समनला बॅट न लावता सुरुवात मिळते. मी नवा बॉल सरळ टाकणाऱ्याला देऊ लागलो. वेग बेताचा, पण सहापैकी पाच बॉल स्टंपच्या आसपास. या पातळीवर बहुतेक बॅट्समन सरळ बॉल सोडायला किंवा नुसता अडवायला कंटाळतात आणि चौथ्या-पाचव्या ओव्हरला स्वतःहून विकेट देतात.

वाइड थांबत नसतील तर आधी रनअप तपासा. अंदाजाने धावत येणारा बॉलर एकदा रेघेच्या पुढे पडतो, मग घाबरून पावलं आखडतो आणि बॉल भलतीकडे जातो. पावलं मोजून खूण करायला एक मिनिट पुरतं आणि ते मिनिट टॉसच्या आधी काढायचं असतं. पुढच्या पायाचा काही भाग पॉपिंग क्रीझच्या (स्टंपसमोरच्या रेघेच्या) मागे असला की नो-बॉल होत नाही. मागे पडलेला तो भाग हवेत असला तरी चालतो. हे कळलं की पुष्कळ बॉलर निवांत होतात. त्यानंतर डोकं बघा. बॉल सोडताना डोकं एका बाजूला कललं की दिशा जाते. तरीही जमत नसेल तर कीपरला स्टंपजवळ उभं करा. ओळखीचं माणूस जवळ दिसलं की बॉलर आपोआप त्याच्याकडे टाकतो, हा माझा अनुभव आहे. आणि तीन वाइडनंतर लांबून ओरडू नका. कप्तानाने मिड-ऑफला उभं राहावं, चालत जाऊन बॉल हातात द्यावा आणि एकच गोष्ट सांगावी. चार जणांनी चार सल्ले दिले की पाचवा वाइड ठरलेलाच.

कमरेच्या वर आलेला फुलटॉस नो-बॉलच असतो, बॉलर स्पिनर असो की फास्ट. ‘हात सटकला’ हे कारण अंपायरला सांगून काही होत नाही, पण बॅट्समनची विचारपूस मात्र जरूर करा.

विनाकारण थ्रो

बॅट्समन आरामात पोचलेला असताना जोर काढून स्टंपवर फेकण्याची हौस महागात पडते. ओव्हरथ्रो सीमेपार गेला तर चार धावा तर मिळतातच, शिवाय पूर्ण झालेल्या धावा मिळतात आणि फेकण्याच्या क्षणी बॅट्समन एकमेकांना ओलांडून गेले असतील तर चालू असलेली धावही मिळते. एका साध्या सिंगलचे पाच होतात ते असे. रनआउटची खरी संधी नसेल तर बॉल कीपरच्या किंवा बॉलरच्या हातात एका टप्प्यावर द्या. फेकणाऱ्याच्या समोरच्या बाजूला कोणीतरी मागे उभा आहे ना, हे प्रत्येक बॉलला पाहायची जबाबदारी मिड-ऑन आणि मिड-ऑफची.

फील्ड लावताना लेग साइडला स्क्वेअरच्या (बॅट्समनच्या रेघेच्या) मागे दोनपेक्षा जास्त फील्डर राहिले तर नो-बॉल होतो, कीपर त्यात धरत नाहीत. कीपरमागे ठेवलेल्या हेल्मेटला बॉल लागला तर पाच धावांचा दंड. हेल्मेट नको असेल तर मैदानाबाहेर पाठवा.

स्कोअरबुक जुळत नाही तेव्हा

या विषयावर मला मनापासून बोलायचं आहे, कारण सामन्यानंतरची सगळ्यांत कडवट भांडणं मी इथे पाहिली आहेत. समोरच्यांच्या वहीत १४८, आमच्या वहीत १५१, आणि दोन्हीकडे प्रामाणिक माणसं बसलेली.

तपासायची पद्धत सोपी आहे. सगळ्या बॅट्समनच्या धावा अधिक अवांतर धावा मिळून एकूण धावसंख्या आली पाहिजे. दुसऱ्या बाजूने, सगळ्या बॉलर्सनी दिलेल्या धावा अधिक बाय (बॅटला किंवा शरीराला न लागता निघालेल्या), लेगबाय (शरीराला लागून निघालेल्या) आणि दंडाच्या धावा मिळूनही तोच आकडा आला पाहिजे. पहिली बेरीज चुकली आणि दुसरी बरोबर आली, तर कोणा बॅट्समनच्या किंवा अवांतराच्या रकान्यात घोटाळा आहे. उलट झालं तर बॉलिंगच्या रकान्यात बघा.

घोटाळा बहुतेक वेळा ठरावीक जागी सापडतो. वाइड आणि नो-बॉल बॉलरच्या नावावर चढतात, बाय आणि लेगबाय चढत नाहीत. नवखा स्कोअरर हे चारही प्रकार बॉलरच्या माथी मारतो. वाइड सीमेपार गेला तर पाच वाइड लिहायचे, चार नाही. नो-बॉलवर बॅटने काढलेल्या धावा बॅट्समनच्या आणि नो-बॉलची एक अवांतर. बॅट्समनने खेळलेले बॉल मोजताना वाइड धरायचा नाही, नो-बॉल मात्र धरायचा. आणि लेगबाय फक्त बॅट्समनने फटका मारायचा प्रयत्न केला असेल किंवा तो बॉल चुकवत असेल तरच मिळतो. नुसता पॅड पुढे टाकून धावलेली धाव अंपायरने रद्द करायची असते.

आमच्याकडे आता दोन्ही स्कोअरर शेजारी बसतात आणि दर पाच ओव्हर्सना आकडा मोठ्याने बोलून जुळवतात. तीन धावांचा फरक पाच ओव्हर्समध्ये शोधायला दोन मिनिटं लागतात. चाळीस ओव्हर्सनंतर तो सापडत नाही. अंपायरची प्रत्येक खूण कळल्याचा हात स्कोअररने वर केलाच पाहिजे, तोपर्यंत अंपायरने पुढचा बॉल टाकू देऊ नये.

बॅटिंग करणाऱ्या संघातलेच दोघे अंपायर म्हणून उभे राहतात तिथे एवढं तरी त्यांना माहीत असावं: अपील झाल्याशिवाय आउट द्यायचं नसतं. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेल्या बॉलवर पायचीत नसतं. ओव्हरचे बॉल डोक्यात मोजू नयेत, खिशात सहा खडे ठेवून दर बॉलला एक खडा दुसऱ्या खिशात टाकावा. आणि अंपायरने आपल्याच माणसाला आउट दिलं तर पॅव्हिलियनमध्ये त्याला कोणी एक शब्दही बोलायचा नाही. एकदा बोललात की पुढच्या सामन्यात कोणीच अंपायरिंगला उभं राहणार नाही.

किट

२०२३ च्या विश्वचषकात ६ नोव्हेंबरला श्रीलंकेच्या अँजेलो मॅथ्यूजला बांगलादेशविरुद्ध ‘टाइम्ड आउट’ (ठरलेल्या वेळात पहिला बॉल खेळायला तयार न झाल्याबद्दल आउट) दिलं गेलं. हेल्मेटचा पट्टा तुटला आणि दोन मिनिटांची मुदत उलटली. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये असं आउट होणारा तो पहिलाच. क्रिकेटच्या मूळ कायद्यांत ही मुदत तीन मिनिटांची आहे. आमच्या पातळीवर पट्टा तुटलेलं, स्क्रू ढिला झालेलं हेल्मेट प्रत्येक किटबॅगमध्ये असतं, आणि पुढचा बॅट्समन दोघांत मिळून असलेली ग्लोव्हजची एकच जोडी शोधत असतो. पुढचे दोन बॅट्समन पॅड बांधून तयार हवेत. पट्टे, बकल, ग्रिलचे स्क्रू सामन्याच्या आदल्या रात्री बघावेत.

हेल्मेटला जोराचा फटका बसला की ते बाहेरून धड दिसलं तरी बदला. आणि डोक्याला बॉल लागलेल्या माणसाला डोकं दुखत असेल, गरगरत असेल, मळमळत असेल, तो गोंधळल्यासारखा वाटत असेल, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला. त्याला एकट्याला गाडी चालवत घरी पाठवू नका, डॉक्टरला दाखवा. त्याने कितीही सांगितलं की ‘मी ठीक आहे’, तरी हा निर्णय त्याचा नसतो.

नवी बॅट घेतल्याबरोबर सामन्यात काढू नये. लाकडी हातोडीने किंवा जुन्या बॉलने कित्येक तास ठोकून ती तयार करावी लागते, विशेषतः कडा आणि टो (खालचं टोक). तेल पातळ हात फिरवून लावायचं. हँडलच्या जोडावर आणि स्टिकरवर लावायचं नाही. तेलात भिजवलेली बॅट जड आणि मऊ होते.

नवव्या नंबरचा माणूस

आमच्या संघात एक जण सलग तीन रविवार आला. तीनही वेळा फाइन लेगला उभा राहिला, बॉलिंग मिळाली नाही, बॅटिंगला नववा. तिसऱ्या सामन्यात तो दीड तास पॅड बांधून खुर्चीवर बसला होता आणि आम्ही सहा विकेट राखून जिंकलो. सगळे आनंदात एकमेकांना टाळ्या देत होते. तो खाली वाकून पॅडचे पट्टे सोडत होता, सावकाश, एकेक. चौथ्या रविवारी त्याने ‘काम आहे’ म्हणून कळवलं. नंतर तो आलाच नाही. ती चूक माझी होती.

शुक्रवारी रात्री अकरावा माणूस शोधत फोन करत बसावं लागतं, त्याचं मूळ इथे असतं. ग्रुपवर ‘कोण कोण येणार?’ असं विचारून उत्तर मिळत नाही. बुधवारपर्यंत प्रत्येकाला नावाने विचारा आणि तेरा जणांची यादी ठेवा. ऐनवेळी आणलेला बदली फील्डर बॅटिंग किंवा बॉलिंग करू शकत नाही, त्यामुळे उशिरा येणाऱ्याचं नाव टॉसआधी द्यायच्या यादीत घालायला विसरू नका. पण माणसं ‘येतो’ कधी म्हणतात? आपल्याला काहीतरी करायला मिळेल अशी खात्री असली तर.

मी एक साधी वही ठेवली. प्रत्येक सामन्यात प्रत्येकाला तीनपैकी एक मिळालंच पाहिजे: पहिल्या सहात बॅटिंग, किमान चार ओव्हर्स, किंवा कीपिंग. ज्याला काहीच मिळालं नाही त्याचं नाव पुढच्या सामन्याच्या बॅटिंग क्रमात सर्वांत आधी लिहायचं, मग बाकीचे. विरोध झाला, विशेषतः चांगल्या बॅट्समनकडून. मी त्यांना सांगितलं की तुम्ही नवव्या नंबरला जाऊनही शेवटी धावा काढाल, आणि त्यांनी काढल्याही. पुढच्या मोसमात आमच्याकडे एकाही रविवारी दहाच जण अशी वेळ आली नाही, कायम अकराच्या वर.

ती वही किटबॅगच्या बाजूच्या कप्प्यात असते. स्टंप उपटून बॅग बंद करायच्या आधी, सगळे अजून मैदानातच असताना, त्या दिवशीचा रकाना भरायचा आणि कोरी राहिलेली नावं मोठ्याने वाचायची.