टोस्टमास्टर्समध्ये नवीन आहात? भाषणाआधी रोल घ्या

टोस्टमास्टर्स, म्हणजे लोकांसमोर बोलायचा सराव करण्याचा क्लब, नुकताच जॉइन केलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, माझं भाषण कधी? एकदा आइसब्रेकर, म्हणजे स्वतःची ओळख करून देणारं पहिलं भाषण, होऊन जाऊदे मग बाकीचं बघू, तोवर टायमर बियमर काय असेल ते द्या. माझं मत याच्या बरोब्बर उलट आहे. भाषणाचा नंबर कधीतरी लागतो, रोल, म्हणजे मीटिंगमधलं वाटून दिलेलं एखादं काम, मात्र मागितला तर जवळजवळ दर मीटिंगला मिळतो आणि या क्लबमध्ये शिकवायला कुणी सर-मॅडम नसतात, 1924 मध्ये राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियात पहिला क्लब काढला तेव्हापासून मेंबरच मेंबरला शिकवतात. ते शिकवणं होतं या रोल्समधूनच.

सुरुवात टायमरपासून करा, सोपा आहे म्हणून नाही तर वेळेचा अंदाज डोक्यात बसतो म्हणून. टेबल टॉपिकला (ऐनवेळी मिळालेल्या प्रश्नावर तयारीशिवाय बोलणं) 1 ते 2 मिनिटं, इव्हॅल्युएशनला (दुसऱ्याच्या भाषणावरचा अभिप्राय) 2 ते 3, आइसब्रेकरला 4 ते 6 आणि बऱ्याच प्रोजेक्ट स्पीचला (अभ्यासक्रमातली भाषणं) 5 ते 7. कमीत कमी वेळ झाली की हिरवं कार्ड, मधल्या वेळेला पिवळं, जास्तीत जास्त वेळेला लाल, आणि त्यापुढे साधारण 30 सेकंदांची सूट. मीटिंगच्या आधी अजेंडा मागून घ्या आणि प्रत्येक नावापुढे तिन्ही वेळा लिहूनच ठेवा, कारण ऐनवेळी गणित करत बसलं की कार्ड दाखवायचं राहतं आणि तिकडे स्पीकर बिचारा बोलतच सुटतो. मीटिंग ऑनलाइन असेल तर तीन रंगांचे बॅकग्राउंड आधीच सेव्ह करा. घड्याळ सुरू होतं ते स्पीकरच्या पहिल्या शब्दाला, किंवा तो आधी काही हावभाव करून सुरुवात करत असेल तर त्या हावभावाला. त्याआधीच्या टाळ्यांचा वेळ धरायचा नाही.

आह काउंटरला, म्हणजे बोलताना उगाच येणारे शब्द मोजणाऱ्याला, तयारी फारशी नाही. नावांचा तक्ता करा, त्यात अं, म्हणजे, तर, ॲक्च्युअली, बेसिकली असे कॉलम पाडा आणि कान उघडे ठेवा. फक्त रिपोर्ट देताना पाढे म्हटल्यासारखे आकडे वाचू नका, कुणाचा कोणता शब्द सवयीचा झालाय ते सांगा, ते ऐकणाऱ्याला जास्त उपयोगी पडतं.

ग्रामरियनचं, म्हणजे भाषेवर लक्ष ठेवणाऱ्याचं, घोडं अडतं ते वर्ड ऑफ द डेपाशी, म्हणजे त्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी वापरून बघायच्या शब्दापाशी. लोक डिक्शनरीतून असा काही शब्द शोधून आणतात की आख्ख्या मीटिंगमध्ये तो कुणाच्या तोंडी येत नाही. विशेषण किंवा क्रियापद निवडा, ते कुठेही बसतं. उच्चार, अर्थ, एक वाक्य, आणि सगळ्यांना दिसेल असा मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद, बास. आणि फक्त चुका टिपू नका, कुणी एखादं वाक्य झकास बोललं असेल तर ते जसंच्या तसं लिहून घ्या आणि रिपोर्टमध्ये वाचून दाखवा.

टेबल टॉपिक्स मास्टर झालात तर प्रश्न छोटे ठेवा. चार ओळींची प्रस्तावना आणि त्यात तीन उपप्रश्न असला प्रश्न आला की समोरचा उत्तर सोडून प्रश्नच आठवत बसतो. वाचून झाल्यावर एका दमात परत सांगता आला तर तो प्रश्न चांगला. आधी प्रश्न विचारा आणि मग नाव घ्या, म्हणजे तेवढ्या वेळात सगळा हॉल विचार करत असतो, नाव आधी घेतलं की बाकीचे निवांत होतात. ज्यांना त्या दिवशी रोल नाही त्यांना पहिले बोलवा, पाहुण्यांना आधी बाजूला विचारून घ्या की चालेल का, थेट उभं केलं तर काही जण परत येत नाहीत. आणि गरजेपेक्षा दोन-चार प्रश्न जास्तच न्या.

आता इव्हॅल्युएटर. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारा रोल हाच, आणि नवीन लोक सगळ्यात जास्त घाबरतात तो पण हाच, की मी कालचा पोरगा, जुन्या मेंबरला काय सांगणार? अहो पण श्रोता तर तुम्ही आहात ना, तुम्हाला कुठे कंटाळा आला, कुठे हसू आलं, कुठे धागा सुटला हे सांगायला अनुभव लागत नाही. अर्धी तयारी मीटिंगच्या आधीच होते. स्पीकरला दोन दिवस आधी फोन करा, प्रोजेक्ट कोणता, त्याचा उद्देश काय आणि तुला स्वतःला मी नक्की काय बघायला हवंय ते विचारा. त्या प्रोजेक्टचा इव्हॅल्युएशन फॉर्म वाचून ठेवा, कारण प्रोजेक्ट बॉडी लँग्वेजचा असेल आणि तुम्ही व्याकरणावर बोललात तर काय फायदा. भाषण चालू असताना कागदाचे दोन भाग करा, एकीकडे तो काय बोलला किंवा काय केलं, दुसरीकडे मला काय वाटलं. मग बोलताना पुरावा हाताशी असतो. "आय कॉन्टॅक्ट सुधार" असं मोघम बोलून कुणाचंच भलं होत नाही, त्याऐवजी "ओपनिंगला तू सगळ्यांकडे बघत होतीस, पण आजीचा संवाद आला तेव्हा नजर कागदावर गेली, तेवढ्या दोन ओळी पाठ करून टाक" असं सांगा, तिला घरी जाऊन नेमकं काय करायचं ते कळतं. 3 मिनिटांत सुधारणेचे फार तर दोन मुद्दे नीट मावतात, बाकीचे फॉर्मवर लिहून द्या. कौतुक-सूचना-कौतुक हा सँडविचचा फॉर्म्युला सगळेच वापरतात, चालतो, पण कौतुक पण तितकंच नेमकं हवं, नुसतं "छान होतं" म्हणजे काहीच नाही.

टोस्टमास्टर ऑफ द डे, म्हणजे त्या दिवशीच्या मीटिंगचा सूत्रसंचालक, हा रोल मात्र बाकीचे सगळे रोल एकदा करून झाल्यावरच घ्या. त्यातलं निम्मं काम फोनाफोनीचं असतं, कोण येतंय, कुणाची दांडी, भाषणाचं टायटल काय, ओळख काय करून द्यायची. आदल्या रात्री कुणीतरी रोल सोडतंच, तेव्हा कुणाला विचारायचं ती नावं आधीच मनात ठेवा. ओळख अर्ध्या मिनिटात संपवा आणि त्यात भाषणातली गंमत आधीच फोडू नका.

जनरल इव्हॅल्युएटरची घाई नको, तो रोल सगळ्या मीटिंगचं आणि इव्हॅल्युएटर्सचं पण इव्हॅल्युएशन करतो, व्हीपीई (क्लबचा शिक्षण उपाध्यक्ष, रोल तोच ठरवतो) स्वतःहून विचारेल तेव्हा बघा. बाकी रोलसाठी मात्र व्हीपीईच्या मेसेजची वाट बघू नका, पुढच्या मीटिंगचा अजेंडा ग्रुपवर पडला की रिकाम्या जागेत आपलं नाव टाकून मोकळे व्हा.