रेडिएटर वरून गार, खालून गरम?
ब्रिटनमध्ये थंडी सुरू झाली की घर गरम ठेवणाऱ्या, आत गरम पाणी फिरणाऱ्या रेडिएटरचं हे हमखास होतं. वर हवा अडकलेली असते. प्लंबरला बोलवायच्या आधी हे करून बघा.

१. हीटिंग बंद करा, पाणी निवू द्या.
२. खालच्या मजल्यापासून सुरुवात करा. वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रूखाली जाड फडकं धरा आणि ब्लीड की (हवा सोडायची छोटी किल्ली) घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं पाव ते अर्धा फेरा फिरवा. स्क्रू पूर्ण काढू मात्र नका. आतल्या काळ्या पाण्याचा कार्पेटवरचा डाग सहजी निघत नाही.
३. फुसफुस थांबून सलग पाणी आलं की लगेच आवळा.

मग बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा बघा. गार असताना साधारण १ ते १.५ बार हवा. कमी असेल तर फिलिंग लूपनं (नळाचं पाणी हीटिंगमध्ये सोडणारी जोडनळी) पाणी भरा. रेडिएटर खालूनच गार असेल तर मात्र तो गाळ, हवा नव्हे.