एआरटी चालू असताना हृदय कसं जपायचं

मी विडी कामगार. सोलापुरात विडी घरकुलात राहते, २००९ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या घेते. मध्यंतरी जिना चढताना धाप लागायला लागली. गोळ्या घेणारीच एक मैत्रीण म्हणाली, "अगं, गोळ्या हृदयावर गेल्या तुझ्या." घाबरून मी नऊ दिवस गोळ्या बंद ठेवल्या. तसं तुम्ही अजिबात करू नका.

गोळी सुटली की विषाणू पुन्हा वाढतो, रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, हृदयाला खरा धोका तिथून. २००६ साली जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात गोळ्या मध्येच थांबवणाऱ्यांनाच हृदयाचा त्रास जास्त झाला होता.

मला टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगितला. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला गार जेल लावतात, दुखत काही नाही. पडद्यावर स्वतःचं हृदय उघडझाप करताना दिसलं आणि मला रडूच आलं. पंपिंग ६० टक्के, म्हणजे चांगलं. धाप लागत होती ती हिमोग्लोबिन ८ वर आल्यानं.

एआरटी सेंटरला गोळ्या आणायला जाल तेव्हा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघायला सांगा. आपल्या एआरटीच्या गोळ्यांतल्या लोपिनाविर-रिटोनाविरनं रक्तातली चरबी वाढू शकते, डोल्युटेग्राविरनं वजन. माझ्या ब्लाउजचा हूक लागेना, तेव्हा काटा बघितला तर पाच किलो जास्त! चाळिशी ओलांडली असेल तर स्टॅटिनबद्दलही, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दल, डॉक्टरांना विचारा.

आता बायांनो, मिशेरी. दिवसभर मांडीवर सूप, नाकात तंबाखू, वर सकाळी मिशेरी. तीही तंबाखूच, हृदयाला वाईटच. मला सोडायला दोन महिने लागले. हिरड्या शिवशिवायच्या, की बडीशेप चघळायची. कडक भाकरी खुशाल खा, पापड-लोणचं मात्र बेतानं.

हृदयाच्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवू नका. लाजेनं मी एकदा लपवला होता. रिटोनाविर चालू असताना सिमवास्टॅटिन हे स्टॅटिन चालत नाही, हे त्यांना कळायला नको का? गोळ्यांचा डबाच सोबत न्या. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध लागलंच, तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्या.

आणि छातीवर दाब, डाव्या हातात कळ, दरदरून घाम आला तर अ‍ॅसिडिटी म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन लावा.