सोळा घटकांचे पाच, मग सात

रिझर्व्हायर सिम्युलेशनमध्ये, म्हणजे तेल-वायूच्या भूमिगत साठ्याचं संगणकावर मॉडेल करण्याच्या कामात, नव्याने आलेल्यांच्या वाट्याला लवकरच एक काम येतं: प्रयोगशाळेचा पीव्हीटी (दाब-आकारमान-तापमान) अहवाल घ्या, त्यावर ईओएस मॉडेल (दाब-तापमानानुसार वायू-द्रवाचं वर्तन सांगणारं समीकरण) बसवा आणि त्यातले रासायनिक घटक कमी करून द्या. मलाही हेच मिळालं होतं. त्यात माझी जी चूक झाली, ती सविस्तर सांगते.

आमचा साठा गॅस कंडेन्सेटचा होता. अशा साठ्यात दाब दवबिंदूखाली गेला की खडकातच वायूतून द्रव (कंडेन्सेट) सुटतो आणि बराचसा तिथेच अडकून पडतो. म्हणून कोरडा वायू परत आत सोडायचा, म्हणजे सायक्लिंग करायचं, असा बेत होता. अहवालात १६ घटक होते. कंपोझिशनल मॉडेलमध्ये (प्रत्येक घटकाचा वेगळा हिशोब ठेवणाऱ्या) साठ्याच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे सेलला, प्रत्येक घटकाचं एक आणि पाण्याचं एक समीकरण लागतं. म्हणजे १६ घटकांना १७, सहा घटकांना ७. गणिताचा भार ढोबळमानाने या संख्येच्या घनाने वाढतो: १७ चा घन ४,९१३, ७ चा ३४३. शिवाय सेलागणिक फ्लॅशचं, म्हणजे किती भाग वायू आणि किती द्रव हे काढण्याचं, गणित वेगळंच. लम्पिंग, म्हणजे घटकांचे गट करून त्यांची संख्या कमी करणं, का करतात, ते एवढ्यावरूनच कळतं.

मी नायट्रोजन मिथेनमध्ये घातला, कार्बन डायऑक्साइड इथेनमध्ये, प्रोपेन-ब्युटेन एकत्र, पेंटेन-हेक्झेन एकत्र आणि सी-सेव्हन-प्लसचा (सात किंवा जास्त कार्बन अणूंच्या जड घटकांचा) एकच गठ्ठा. पाच घटक. दवबिंदू जुळला, सीव्हीडीचा (आकारमान कायम ठेवून दाब टप्प्याटप्प्याने उतरवण्याच्या प्रयोगाचा) द्रव-वक्रही जुळला. आलेख बघून मी खूश होते.

सायक्लिंगचा रन लावला, तर काही वर्षांत इंजेक्शन विहिरीभोवतीचं कंडेन्सेट पार सुकून गेलं. माझ्या वरिष्ठ मॅडमनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "तू मूळ फ्लुइड जुळवलंस. पण पाच वर्षांनी त्या सेलमध्ये तेच फ्लुइड असणार आहे का?"

सगळी गोम या प्रश्नात होती. कोरडा वायू द्रवावरून वाहतो तेव्हा आधी जड भागातली सी-सेव्हन, सी-एट अशी त्यातल्या त्यात हलकी मंडळी उडतात. मागे उरतो तो द्रव जड होत जातो आणि उडेनासा होतो. माझ्या मॉडेलमध्ये जड भागाचा एकच सरासरी घटक होता; त्याला जड होत जाणं माहीतच नव्हतं. त्यामुळे तो सुरुवातीला कमी उडायचा आणि शेवटी सगळाच उडून जायचा. सीव्हीडीमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे नुसता दाब उतरतो, बाहेरचा वायू येत नाही. तेव्हा घटक किती ठेवायचे हे ठरवण्याआधी साठ्यावर पुढे काय प्रक्रिया होणार आहे ते विचारा. कार्बन डायऑक्साइड सोडणार असाल, तर तो इथेनमध्ये मिसळून चालणारच नाही.

हाताने करून बघायचं असेल तर एसपीईचा (पेट्रोलियम अभियंत्यांच्या संघटनेचा) १९८७ सालचा तिसरा तुलनात्मक प्रश्न घ्या. ९×९×४ चा छोटा ग्रिड, गॅस कंडेन्सेट आणि सायक्लिंग. त्यातल्या मूळ वायूत मिथेन ६५.९९, सी-फोर ते सी-सिक्स मिळून ९.६७ आणि सी-सेव्हन-प्लस ६.५९ मोल टक्के आहे. हा ६.५९ चा गठ्ठा एकदा अखंड ठेवा, एकदा तीन तुकड्यांत फोडा आणि दोन्ही रन शेजारी ठेवून बघा. माझं म्हणणं तिथे डोळ्यांना दिसेल.

मी पुन्हा सगळं केलं, या वेळी टप्प्याटप्प्याने. आधी १६ घटकांचंच मॉडेल प्रयोगांवर नीट बसवलं. त्यानंतर दर वेळी एकच गट जोडायचा आणि दवबिंदू, द्रव-वक्र, फेज एन्व्हलप (वायू आणि द्रव एकत्र राहतात त्या दाब-तापमानाची सीमारेषा) १६ च्या मॉडेलशी ताडून पाहायचे. सोबत इंजेक्शन वायूचे वेगवेगळे हिस्से मिसळून उरणारा द्रवही पाहायचा; पहिल्या वेळी मी गाळली होती ती हीच तपासणी. जड भागाचे तीन तुकडे ठेवले, तेव्हा सात घटकांत काम भागलं.

ट्यूनिंगचा मोह मात्र आवरा. प्रत्येक बिंदू जुळावा म्हणून सगळेच आकडे हलवले, तर मॉडेल अहवालापुरतं बरोबर येतं आणि अहवालाबाहेर भरकटतं. मी जड घटकांचं क्रांतिक तापमान व दाब आणि मिथेनशी त्यांचा परस्परक्रिया गुणांक (ईओएसमधला घटकांच्या जोडीसाठीचा दुरुस्ती आकडा) एवढंच हलवते. घनता व्हॉल्यूम शिफ्टने, म्हणजे ईओएसने काढलेल्या आकारमानात ठरावीक दुरुस्ती करून, सुधारते. व्हिस्कॉसिटी अगदी शेवटी, कारण ती काढण्याच्या लोरेंझ-ब्रे-क्लार्क सूत्रात घनतेचा चौथा घात येतो. घनता जराशी चुकली तरी व्हिस्कॉसिटी बरीच ढळते.

एक गोष्ट तेव्हाही राहून गेलीच. प्रोसेस विभागातला सहकारी आला आणि म्हणाला, "प्रोपेन-ब्युटेन एकत्र केलंत, आता मी एलपीजीचा आकडा कुठून काढू?" गटात कोण किती होतं याचा तक्ता मी जपून ठेवला होता, म्हणून डीलम्पिंग करून (गट पुन्हा मूळ घटकांत फोडून) त्याला वेगवेगळे आकडे देता आले. त्यासाठी एक अख्खा आठवडा गेला. आता लम्पिंग सुरू करण्याआधी मी त्या विभागात जाऊन विचारून येते.